मनगटाचं चुंबन

“ताई, तो चुंबनाचा आवाज फार कामुक आहे म्हणतात. काढून टाका म्हणाले.”

भाऊसाहेबांचा फोन मुंबईहून होता. भाऊसाहेब म्हणजे आमचे निर्माते, सिनेमा सेन्सॉरला दाखवायला गेलेले. मी एका हाताने फोन धरला होता आणि दुसऱ्या हाताने परातीतले तांदूळ सारखे करत होते.

“कोणता आवाज?” मी विचारलं.

“तो हो... गोडाऊनमधला. त्या दोघांचा.”

“आणि बायकोबरोबरचा?”

“त्याला काही म्हणाले नाहीत. तो चालतोय.”

मी माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. छप्पन्न वर्षांच्या बाईचं मनगट. एरवी त्यावर काचेच्या बांगड्या असतात, रेकॉर्डिंगच्या वेळी काढून ठेवते. कामुक म्हणावं असं त्यात काही दिसेना. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. माझं बहुतेक वेळा याच क्रमाने होतं.

समजावून सांगते. मी फोली आर्टिस्ट आहे. शूटिंगच्या वेळी माइकचं सगळं लक्ष नटांच्या बोलण्याकडे असतं. चालण्याचा, कपड्यांचा, भांड्यांचा, दार लावण्याचा आवाज त्यात नीट येत नाही. तो नंतर स्टुडिओत, पडद्यावरचं चित्र बघत बघत पुन्हा करावा लागतो. त्याला फोली म्हणतात. मुंबईत बरीच वर्षं हे काम केलं, आता नाशिकला, इंदिरानगरात, आमच्या घराच्या तळघरात करते. तिथे पोतंभर चपला आहेत, वाळूची पेटी आहे, एक करकरणारी खाट आहे. पडद्यावर कोणाचं हाड मोडायचं असेल तर मी पापड मोडते. मारामारीसाठी एक जुनी चामड्याची पर्स आहे, तिने आजवर खूप मार खाल्लाय. आणि चुंबन असेल तर मी स्वतःच्या मनगटाचं घेते.

हसू नका. या धंद्यात सगळे तसंच करतात. खऱ्या चुंबनाचा आवाज एकतर येतच नाही, नाहीतर गाय पाणी पितेय असा येतो. मनगटावर तो हवा तसा करता येतो. आमच्या ह्यांची तक्रार आहे की त्यांच्या वाट्याचं सगळं मनगटालाच गेलं.

आता सिनेमाबद्दल. नाव मुद्दाम देत नाही. गोष्ट घोटीची आहे. तिथल्या एका भात गिरणीवर रघू नावाचा तरुण नोकरीला असतो. गिरणीच्या ट्रकवर केशव नावाचा ड्रायव्हर असतो. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. घरचे रघूचं लग्न लावून देतात. तो नाही म्हणू शकत नाही. मग बायकोची काही चूक नसताना तिची फरफट होते आणि शेवटी ती एसटीत बसून माहेरी निघून जाते. सिनेमात प्रेमाचे दोन प्रसंग आहेत. एक लग्नाच्या रात्रीचा, दुसरा गोडाऊनमधला, भाताच्या पोत्यांच्या आडोशाला.

दिग्दर्शक सागर, नांदगावचा. तिशीतला, अबोल. दहा वाक्यांचं काम दोन वाक्यांत उरकणारा. भाऊसाहेब त्याच्या अगदी उलट. त्यांचं नाशिकच्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे आणि चौकातल्या हॉर्नवर मात करून बोलायची त्यांना सवय लागली आहे, त्यामुळे फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. माणूस दिलदार. पण स्क्रिप्ट वाचायचा कंटाळा. ही दोन दोस्तांची गोष्ट आहे असं ते बराच काळ धरून चालले होते. सागरने काही लपवलं नव्हतं, भाऊसाहेबांनी वाचलं नव्हतं. खरं काय ते कळलं तेव्हा निम्मं शूटिंग झालं होतं. त्यावर ते “आता ट्रक घाटात लागलाय, मागं घेता येत नाही,” म्हणाले.

या दोन प्रसंगांच्या आवाजाचा एक तपशील फक्त मला आणि सागरला माहीत होता. लग्नाच्या रात्रीच्या प्रसंगासाठी मी चुंबनाचा आवाज केला. तो फारच छान जमला. घाई नाही, चपचप नाही, नेमका हवा तेवढा. गोडाऊनच्या प्रसंगाची वेळ आली तेव्हा मी तोच उचलून तिथे लावला. आमच्यात हे सर्रास चालतं. एकदा चांगला वाजलेला दरवाजा चार सिनेमांत वाजतो. सागरला सांगितलं तर म्हणाला, “राहू द्या ताई. माणूस तोच आहे.”

फरक एकच होता. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवतात तेव्हा, भाऊसाहेब मागे येऊन बसले होते. लग्नाच्या रात्री ते म्हणाले, “ताई, इथं जरा वाढवा की. हिरोइन आहे आपली.” मी वाढवला. गोडाऊनला ते घड्याळ बघत बसले. त्यामुळे बायकोचं चुंबन मोठं आणि केशवचं लहान, असं झालं होतं.

आणि सेन्सॉरच्या समितीला खटकलं ते लहान.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्याकडे आले. समितीचं म्हणणं साधं होतं. गोडाऊनमध्ये ते दोघं जवळ येतात तिथून पुढचं चित्र कापायचं, चुंबनाचा आवाज काढायचा. मग यूए सोळा प्लस मिळेल. म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावं असा शिक्का, आणि असा सिनेमा टीव्हीवरही लागू शकतो. कापायचं नसेल तर ए. म्हणजे फक्त प्रौढांसाठी, आणि टीव्हीचं दार बंद. भाऊसाहेबांनी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की आपला पिक्चर टीव्हीवर येणार.

“एवढीशी तर कात्री आहे ताई,” ते म्हणाले. “तसंही त्या सीनमध्ये दिसत काहीच नाही. अंधार आहे.”

हे मात्र खरं होतं. गोडाऊनमध्ये दिसतो तो एक खांदा आणि मानेवर ठेवलेला एक हात. बाकी सगळं ऐकू येतं. लग्नाच्या रात्री दिवा चालू आहे, हिरोइनची उघडी पाठ आहे आणि बरंच काही आहे.

सागर कोपऱ्यात खाटेवर बसला होता. त्याने एवढंच विचारलं, “कापलं तर काय उरेल?”

“दोघं गप्पा मारतात ते उरेल.”

“मग ते दोस्त वाटतील, भाऊसाहेब.”

“वाटू दे ना! ज्याला कळायचं त्याला कळेल.”

“आईला नाही कळणार,” सागर म्हणाला.

भाऊसाहेबांचा फोन वाजला म्हणून ते बोलत बोलत वर अंगणात गेले. सागर खाटेच्या दोरीशी चाळा करत बसला. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्या परवानगीने लिहितेय. सिनेमातला रघू म्हणजे तो स्वतः, फक्त अजून लग्न न झालेला. आई नांदगावला एकटी असते, ब्लाउज शिवते. वडील गेल्यावर त्याच शिवणावर तिने याला शिकवलं. आता येवल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली होती, पाहुणे उत्तराची वाट बघत होते, आणि आई रोज फोन करून विचारत होती, काय कळवू?

“मी तिच्यासमोर चार वेळा बसलो ताई. तोंड उघडत नाही. म्हणून ठरवलं, पहिल्या शोला तिला नाशिकला आणायचं. मी नाही सांगू शकत. तो सीन सांगेल.”

“आणि सीनच नसला तर?”

“तर ती म्हणेल, छान आहे पिक्चर, दोस्ती छान दाखवली. आणि येवल्याला हो कळवेल.”

मला त्याचा राग आला, कीव आली आणि त्याच्याविषयी फार माया वाटली, सगळं एकदम. एवढा थोरला माणूस आईशी बोलायला अख्खा सिनेमा करतो! पण मग वाटलं, आपण तरी आईशी किती बोललो. मी उठले आणि भाऊसाहेबांना खाली बोलावलं.

“बसा इथे. डोळे मिटा.”

“काय करताय ताई?”

“मिटा तर.”

त्यांनी मिटले. मी दोन्ही प्रसंगांतला फक्त तो आवाज लावला. एक, मग दुसरा. “यातली हिरोइन कोणती?”

त्यांनी गंभीरपणे विचार केला. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “दुसरी. बाईमाणसाचं कसं, नाजूक असतं. पहिला आवाज डायरेक्ट गड्याचा आहे. दणकट.”

“पहिली हिरोइन. तुम्हीच वाढवायला लावलंत. आणि भाऊसाहेब, दोन्ही आवाज एकच आहेत. दोन्ही माझे आहेत.” मी मनगट पुढे केलं.

ते माझ्या मनगटाकडे बघून असे लाजले, की जणू मीच काहीतरी गैर केलंय. मग मोठ्याने हसले. सागरही हसला. हसणं थांबल्यावर भाऊसाहेब म्हणाले, “पण हे त्यांना कोण सांगणार?”

“मी येते.”

समितीचा निर्णय मान्य नसेल तर त्यावरच्या मोठ्या समितीकडे जाता येतं. ती सिनेमा पुन्हा बघते आणि मग तुम्हाला आत बोलावते. भाऊसाहेब एवढ्यावर तयार झाले, पण एका अटीवर. तिथे नाही जमलं तर सागरने मुकाट्याने कापायचं. सागरने मान हलवली. त्याच्याकडे दुसरा पर्यायही नव्हता.

भाऊसाहेबांच्या गाडीतून आम्ही तिघं मुंबईला गेलो. कसारा घाट उतरेपर्यंत भाऊसाहेब मला बजावत होते, “ताई, तिथं मनगटाचं वगैरे बोलू नका. सभ्य लोक असतात.” मी काहीच कबूल केलं नाही.

सिनेमा संपल्यावर आम्हाला आत बोलावलं. टेबलापलीकडे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक आणि आणखी काही मंडळी होती. कोणी वाईट वागलं नाही. पाणी विचारलं. सिनेमा चांगला आहे, असं अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या. त्यावरून मी ओळखलं की कापणार.

“लग्नाचा प्रसंग संयत आहे,” प्राध्यापक म्हणाले. “गोडाऊनचा मात्र भडक वाटतो. विशेषतः आवाज.”

“सर, दोन्हीकडे आवाज एकच आहे,” मी म्हटलं. “एकदाच रेकॉर्ड केलाय. लग्नाच्या रात्री तर तो जास्त मोठा आहे.”

“शक्य नाही. मी स्वतः आत्ता ऐकला.”

मग मी मनगटाचं सांगितलं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई खुदकन हसल्या आणि लगेच खोकल्या. अध्यक्षबाईंनी ऑपरेटरला दोन्ही प्रसंग पुन्हा लावायला सांगितले. सगळ्यांनी ऐकले.

प्राध्यापक हटले नाहीत, आणि त्यांनी जे सांगितलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. “आवाज एक असेल. पण ते पती-पत्नी आहेत. तिथे तो कानाला खटकत नाही. इथे खटकतो. बघणाऱ्यालाही खटकेल. कुटुंब सोबत असताना माणसाने काय करायचं?”

“लग्नाच्या रात्रीच्या वेळी करतो तेच,” मी म्हटलं. “मोबाइल बघायचा.”

अध्यक्षबाईंनी हसू दाबलं. मग चष्मा काढून ठेवला. “यांच्या म्हणण्यात तथ्य आहे,” त्या म्हणाल्या. “आवाज एकच असेल तर नियमही एकच हवा. मग असं करू. दोन्ही प्रसंग कापा. तिथूनही आणि इथूनही.”

सागरने डोळे मिटून घेतले. मी स्वतःला शिव्या घातल्या. समान न्याय मागायला गेले आणि तो मिळाला होता! आता गोडाऊनही जाणार होतं आणि लग्नाची रात्रही.

पण भाऊसाहेब खुर्चीतून उठले. द्वारकेच्या चौकात बोलतात त्या पट्टीत बोलले.

“मॅडम, हिरोइनच्या सीनला हात लावायचा नाही! ट्रेलरमध्ये आहे तो! आणि त्यात अश्लील काय आहे? कोणी कोणावर जबरदस्ती करतंय का? कोणाला फसवतंय का? दोन माणसांचा एकमेकांवर जीव आहे, दार लावलेलं आहे, बाहेरच्याला त्याचा त्रास काय?”

“तुम्ही कोणत्या प्रसंगाबद्दल बोलताय?” अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं.

“लग्नाच्या रात्रीच्या.”

“तिथे तर तो बायकोला फसवतोच आहे. त्याचा जीव तिच्यावर नाहीच. तुमचाच सिनेमा आहे ना?”

भाऊसाहेबांनी सागरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं स्वतःच्या सिनेमाची गोष्ट त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा नीट ऐकली. ते हळूहळू खाली बसले.

“म्हणजे मी जे बोललो,” ते म्हणाले, आणि त्यांचा इतका खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, “ते गोडाऊनचंच झालं की. जीव तिथेच आहे. दारही तिथेच लावलेलं आहे.” मग सागरकडे वळून म्हणाले, “मग हे आधी सांगायचं ना रे बाबा.”

आम्हाला बाहेर बसवलं. आत बराच वेळ चर्चा चालली, प्राध्यापकांचा आवाज दाराबाहेर येत होता. सागर भिंतीला टेकून उभा होता. भाऊसाहेबांनी त्याला चहा आणून दिला आणि स्वतःचा निवू दिला.

निकाल असा लागला. दोन्ही प्रसंगांतलं चित्र जसंच्या तसं. आवाज दोन्हीकडे निम्मा. यूए सोळा प्लस. प्राध्यापकांनी आपला विरोध नोंदवला आणि जाताना मला म्हणाले, “मनगटाचं मला माहीत नव्हतं. तरी मला पटलेलं नाही.” मला ते आवडलं. न पटताही नीट बोलणारी माणसं हल्ली दुर्मिळ आहेत.

घरी येऊन मी दोन्ही आवाज निम्मे केले. दोघांनाही सारखे, हिरोइनलासुद्धा. भाऊसाहेब मागे बसले होते, पण काही बोलले नाहीत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. समितीला ती माहीत नसावी आणि मीही सांगायला गेले नाही. थिएटरमध्ये आवाज मोठा केला की लोक मागे रेलतात. लहान केला की पुढे सरकतात. कामुक वाटू नये म्हणून निम्मा केलेला आवाज ऐकायला सगळं थिएटर श्वास रोखून बसतं.

पहिल्या शोला सागरची आई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पलीकडे सागर बसणार होता, पण तो पार मागे दारापाशी जाऊन उभा राहिला. आई ठेंगणी, जाड भिंगांची, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत भाजलेले शेंगदाणे होते. अंधार झाल्यावर तिने मलाही मूठभर दिले. माझे कान धंद्याने बिघडलेले आहेत, पडद्यापेक्षा मला शेजारचंच जास्त ऐकू येतं. मध्यंतरापर्यंत ती एका लयीत शेंगदाणे खात होती. लग्नाच्या रात्री मागून कोणीतरी शिट्टी मारली, तरी तिची लय मोडली नाही.

गोडाऊनचा प्रसंग आला. खांदा, मानेवर हात, अंधार. माझं मनगट वाजलं, निम्म्या आवाजात. थिएटर एकदम गप्प झालं. दोघं-तिघं उठून बाहेर गेले. कोणी शिट्टी मारली नाही. शेंगदाणे चावायचा आवाज थांबला तो मग शेवटपर्यंत आला नाही.

मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. एवढं मुंबईपर्यंत भांडून आपण या बाईचं आयुष्य तर उधळून लावलं नाही ना, असं वाटत होतं.

बाहेर पार्किंगमध्ये गर्दी होती. भाऊसाहेब पाहुण्यांचे हात हातात घेत होते, गाड्या मागे घेण्याचे आवाज चालू होते. सागर आमच्यापाशी येऊन उभा राहिला. आई त्याच्याकडे न बघता पिशवीची गाठ सोडत होती, बांधत होती.

“त्या पोरीचं काय होतं रे पुढं?” तिने विचारलं.

“कोणत्या?”

“एसटीत बसून गेली ती.”

“काय होणार आई? माहेरी गेली.”

“तिचं काय चुकलं होतं?”

“काही नाही.”

“मंग तिला कशापायी आणली त्या घरात?”

आईने वर मान करून त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग ती काहीतरी पुटपुटली. इतक्या हळू, की एवढ्या गोंगाटात सागर पुढे झुकला, मी झुकले, आणि हात मिळवत असलेले भाऊसाहेबसुद्धा थांबून इकडे वळले.

“येवल्याच्या पाहुण्यांना मी नाय म्हणून कळवते. लोकाची पोर हाय ती.”

एवढं बोलून तिने उरलेले शेंगदाणे सागरच्या ओंजळीत ओतले. “खा. सकाळधरनं काय खाल्लं नाय तू.”

तो तिथेच उभा राहून खाऊ लागला. माणूस रडत रडत शेंगदाणे खातो तेव्हा कसा आवाज येतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. स्टुडिओत तो करायचा मी नंतर दोनदा प्रयत्न केला. जमला नाही.